लाल मुनियाच्या शास्त्रीय नावात अहमदाबाद कसे आले?

पावसाळ्यात पुणे परिसरातील पाणथळ जागांच्या उंच गवतात लाल मुनिया दिसते. विणीच्या हंगामात नर लालभडक होतो, अंगावर पांढरे ठिपके उमटतात. या चिमुकल्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव ‘अमांदावा अमांदावा’. ऐकायला लॅटिन वाटले, तरी त्याचे मूळ आहे अहमदाबाद!

नाव कसे पडले?
पिंजऱ्यात पाळण्यासाठी हे पक्षी अहमदाबादहून युरोपात जात. तिकडे शहराच्या नावाचा अपभ्रंश झाला आणि तोच पक्ष्याला चिकटला. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये ‘अमांदावा’ हे नाव ग्रंथात नोंदवले. इंग्रजीतील ‘अवदवत’ हे नावही त्याच शहरावरून आले.

इतर मुनियांचे काय?
ठिपकेवाली मुनिया म्हणजे ‘लोंकुरा पंक्च्युलाटा’. ‘लोंकुरा’ ग्रीक शब्दांवरून आले: भाला आणि शेपूट, म्हणजे भाल्यासारख्या टोकदार शेपटीचा. ‘पंक्च्युलाटा’ म्हणजे बारीक ठिपक्यांचा. पांढऱ्या कंठाच्या मुनियाच्या नावात ‘मलबारिका’ आहे. प्रत्यक्षात ती दख्खनच्या कोरड्या माळांवरही सर्रास आढळते. त्यामुळे नावातले ठिकाण हा पक्ष्याचा पूर्ण पत्ता समजू नये.

आज महत्त्व काय?
लाल मुनियाचे नाव पिंजऱ्याच्या व्यापारातून आले. तो व्यापार आता बेकायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुनिया पकडणे किंवा विकणे गुन्हा आहे. पक्षीबाजारात ती दिसली, तर विकत घेऊन ‘सुटका’ करू नका, मागणी वाढते. वन विभागाला कळवा.