ताप लशीचा, धास्ती रामदुर्गची

जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस टोचल्यावर तीन बालकं दगावली. प्राथमिक चौकशीत लस साठवण्या-हाताळण्यातली हयगय पुढे आली, कर्मचारी निलंबित झाले. अशी बातमी आईबाप विसरत नाहीत, विसरूही नये. पण लशीनंतर घरोघरी येणारा ताप ही निराळी गोष्ट आहे.

‘ताप आला म्हणजे लस बाधली.’ नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मांडीत देतात त्या पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असतात. त्यांना ओळखायला शिकताना शरीर तापतं, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. एक-दोन दिवसांत ओसरतं. खासगीतल्या ‘पेनलेस’ इंजेक्शनात त्या जंतूंचे निवडक अंश असतात, म्हणून ताप कमी. पण तेवढ्याने सरकारी लस हलकी ठरत नाही. आणि ताप आलाच नाही तर लस ‘लागली नाही’, हेही खोटं.

गोवर-रुबेलाचा ताप किंवा बारीक पुरळ आठवड्या-दीड आठवड्याने उठतं. तोवर लस विसरलेली असते आणि खापर दृष्टीवर फुटतं! बीसीजीचा दंडावरचा फोड तर काही आठवड्यांनी पिकतो, खपली धरतो, वण ठेवतो. तो तसाच व्हायचा असतो. हळद, मलम काही लावू नका. मांडीतली गाठ चोळू नका, शेकू नका. ओल्या गार फडक्याची घडी पुरे. अंगावर पाजणं चालू ठेवा.

खरा धोका कधीकधी औषधाच्या बाटलीत असतो. पॅरासिटामॉलच्या थेंबांत सहसा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र. जावेच्या पोराची बाटली उचलून सिरपच्या मापाने थेंब पाजू नका; बाळाच्या वजनावरून मात्रा विचारून घ्या.

बाळंतपण महाराष्ट्रात कागलला माहेरी, घर कर्नाटकात निपाणीत, म्हणून डोस चुकवायचं कारण नाही. वेळापत्रक राष्ट्रीय आहे. कर्नाटकात मिळालेलं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड, दाखवा.

झटका आला, बाळ मलूल पडलं, श्वास लागला, तीन तासांहून जास्त आकांताने रडलं किंवा ताप दोन दिवसांनी उतरला नाही, तर मात्र थेट दवाखाना गाठा. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबा. गोवर-रुबेलाची कुपी द्रावण मिसळल्यावर चार तासांतच वापरायची असते. रामदुर्गसारखी हयगय टळावी म्हणून, किती वाजता मिसळली, हे आशाताईंना किंवा नर्सबाईंना बेधडक विचारा.