आयसीयूत सही करण्याआधी सीपीआर समजून घेऊ या

जळगाव असो की धुळे, आयसीयूच्या दाराशी आपण 'डॉक्टरसाहेब, काहीही करा' म्हणतो आणि सही करून टाकतो. सीपीआरमध्ये हृदय थांबल्यावर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबतात. बरगड्या मोडू शकतात, नंतर बहुधा व्हेंटिलेटर लागतो. अचानक हृदय बंद पडलं तर यानं जीव वाचू शकतो. पण शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये मूळ आजार तसाच राहतो.

'सीपीआर करू नये' या निर्णयासाठी आयसीएमआरने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. डॉक्टरांनी आधी पेशंटशी, तो शुद्धीत नसेल तर घरच्यांशी बोलायचं असतं. औषधं, ऑक्सिजन, वेदनाशमन चालूच राहतं. व्हेंटिलेटर काढणं हा वेगळा विषय. त्यासाठी सुप्रीम कोर्टाच्या २०१८ आणि २०२३ च्या आदेशांनुसार दोन मेडिकल बोर्डांची संमती लागते.

जीव घेणं हराम आहेच. मात्र मेंदूचं काम कायमचं थांबल्याचं तज्ज्ञांनी ठरवलं, तर यंत्र काढता येतं, असा ठराव आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानला केला. बाकी परिस्थितीत मुफ्तीसाहेबांना डॉक्टरांचं मत सांगून विचारावं.

अम्मी-अब्बांची मर्जी ते बोलू शकतात तेव्हाच विचारून ठेवू या. नंतर तो भार मुलांवर पडतो.