मुक्या जिवांचा डॉक्टर आपल्या घरातून का नको?

‘नीट’चा निकाल लागला की आपल्या घरांत दोनच गोष्टी होतात. एमबीबीएसला नंबर लागला तर मिठाई, नाही तर शांतता. मग कुणी मामू, कुणी खालू सुचवतात, “जनावरांच्या डॉक्टरकीला घाला.” त्यावर अम्मीचा चेहरा उतरतो. एवढा अभ्यास करून पोरगं गुरांच्या मागे फिरणार? आणि मुलगी असेल तर विषय तिथेच संपतो.

आम्हाला वाटतं, हा विषय संपवण्याचा नाही, नीट बसून बोलण्याचा आहे.

आपल्या समाजाचा जनावरांशी संबंध काही थोडाथोडका नाही. शेळीपालन, तबेले, कुक्कुटपालन, मटणाची दुकानं, चामड्याचा व्यवसाय, बकरी ईदचा बाजार. कितीतरी चुली यावर पेटतात. ज्याच्यावर रोजी अवलंबून आहे त्याचं शास्त्र शिकलेला माणूस मात्र आपल्या ओळखीत शोधावा लागतो. शेळ्यांत पीपीआरची साथ शिरली तर काही दिवसांत कळप बसतो. गाभण शेळ्या एकामागून एक गाभडू लागल्या तर घरातली बाई उघड्या हातांनी ते सारं आवरते, आणि त्यामागे ब्रुसेला असेल तर तोच जंतू तिला महिनोन् महिने ताप आणि सांधेदुखी देऊ शकतो. लस कधी द्यायची, दूध का उकळायचं, हातमोजे का घालायचे, हे सांगणारं माणूस घरातलंच असेल तर किती नुकसान टळेल!

दीनच्या बाजूनं पाहिलं तर हे काम परकं नाही. तहानलेल्या कुत्र्याला आपल्या मोज्यात भरून पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस आपण मुलांना सांगतो. जनावर जबह करतानाही सुरी धारदार असावी आणि त्याला त्रास कमीत कमी व्हावा, अशी नबी करीम (स.) यांची शिकवण आहे. कुरआनातल्या एका सूरहचं नावच ‘अल-अन्आम’, म्हणजे गुरंढोरं. अरबीत जनावरांच्या वैद्याला ‘बैतार’ म्हणतात. चौदाव्या शतकात कैरोत सुलतानाच्या घोड्यांचे वैद्य असलेल्या अबू बक्र इब्न बद्र यांनी घोड्यांच्या निगेवर आणि उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या उर्दूतला ‘सलोत्री’ हा शब्द तर शालिहोत्र या प्राचीन भारतीय अश्ववैद्याच्या नावावरून आला आहे. हे इल्म इथलंही आहे आणि आपलंही आहे.

आता शिक्षणाकडे वळू. पदवीचं नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकशास्त्र आणि पशुसंवर्धन. मुदत साडेपाच वर्षं. त्यात साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, आणि प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर. राज्यातलं पशुवैद्यकीय शिक्षण २००० साली स्थापन झालेल्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. पदवीची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथं आहेत. मुंबईचं परळचं महाविद्यालय तर १८८६ सालचं. १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरल्या जातात. एमबीबीएसच्या फेऱ्यांत गुंतून हे अर्ज राहून जातात. म्हणून निकालाच्या आधीच दोन्हीकडच्या तारखा लिहून ठेवाव्यात.

अभ्यास सोपा आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माणसाच्या डॉक्टरला एकच शरीर शिकायचं असतं. इथं गाय, म्हैस, शेळी, घोडा, डुक्कर, कुत्रा, कोंबडी अशी सगळी शरीरं शिकायची. गाईचं पोट चार कप्प्यांचं, घोड्याचं एका कप्प्याचं, म्हणून आजारही वेगळे आणि औषधही वेगळं. पुढे जंतुशास्त्र, औषधशास्त्र, पशुआहार, मांस-दुधाची तपासणी आणि शेवटी शस्त्रक्रिया, प्रसूती. रुग्ण बोलत नाही. कुठं दुखतंय हे त्याच्या चालीवरून, रवंथावरून, डोळ्यांवरून ओळखायचं. खांद्यापर्यंत हातमोजा घालून गाईची गर्भतपासणी करायची. मध्यरात्री अडलेल्या म्हशीसाठी उठायचं. ज्याला घाण, वास आणि लाथ यांची भीती वाटते त्यानं आधीच विचार करावा.

पालकांचा हमखास प्रश्न असतो, कुत्र्याडुकरांना हात लावावा लागणार, मग पाकीचं काय? उपचारासाठी हात लागणं आणि हौसेनं पाळणं यात फरक आहे. नापाकी लागली तर ती धुऊन पाक होता येतं. धुण्याच्या पद्धतीत हनफी आणि शाफई मसलकात फरक आहे. आपल्याकडे कोकणी घराणी बहुतांश शाफई, तेव्हा तपशील आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावा. हातमोजे, वेगळा अ‍ॅप्रन आणि नमाजसाठी बॅगेत स्वच्छ कपड्यांचा जोड एवढी सवय लावली तर अडचण राहत नाही.

पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी झाली की स्वतःचा दवाखाना काढता येतो. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, तेही गट अ मध्ये. सैन्यात घोडे, खेचरं आणि श्वानांसाठी वेगळी पशुवैद्यकीय शाखा आहे. दूध संघ, कुक्कुटपालन कंपन्या, लस बनवणाऱ्या संस्था, बँकांतली कृषी अधिकारी पदं, महापालिकांचे पशुवधगृह या सगळीकडे या पदवीला काम आहे. मुलींनीही कचरू नये. म्हैस आवरायला ताकदीपेक्षा कसब लागतं, आणि गोठ्यातल्या बायकांना आपली अडचण बाई डॉक्टरकडे बोलायला सोपं जातं.

बकरी ईदचंच पाहा. कुर्बानीचं जनावर लंगडं, आंधळं, आजारी, रोडावलेलं नसावं, ही शरीअतची अट. पशुवधगृहातला पशुवैद्यही जबहाआधी जनावर चालवून, डोळे आणि श्वास पाहून तेच तपासतो. बकऱ्याचं वय एक वर्षाचं झालं का, हे दुधाचे दात पडून आलेल्या दोन मोठ्या दातांवरून कळतं. आणि मुलं लाडानं त्याला पोळ्या, भात, गहू भरपूर चारतात, तेव्हा पोटात आम्ल वाढून जनावर सुस्तावतं, फुगतं, कधी ईदच्या आदल्या रात्रीच दगावतं. ही साधी गोष्ट मोहल्ल्यात सांगायला एक पशुवैद्य असला तर कितीजणांची कुर्बानी आणि पैसा दोन्ही वाचतील.

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. ही पदवी एमबीबीएस हुकल्याचं सांत्वन म्हणून मुलांपुढे ठेवू नका. अकरावीतच एखाद्या रविवारी त्यांना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा, दोन तास बसू द्या. आवड असेल तर ती तिथंच दिसेल. नसेल तर जबरदस्ती करू नका. पण आवड दिसली, तर “लोक काय म्हणतील” हा प्रश्न अम्मी-अब्बांनी स्वतःपुरता मिटवावा. मुक्या जिवाची दुआ ऐकू येत नाही, पण ती वाया जात नाही. अल्लाह आपल्या मुलांना नफा देणारं इल्म देवो. आमीन.