शितावरून भाताची परीक्षा?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेल्या भाताबाबत ते खरेही आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रांची परीक्षा अशी करता येईल का?

आढावा बैठकीत केंद्रांचा तक्ता मांडला जातो. जिथे बालमृत्यू जास्त, तिथल्या डॉक्टरांना जाब विचारला जातो. आता थोडे गणित करू. सरकारी निकषानुसार आदिवासी व डोंगराळ भागात एका केंद्रामागे २० हजार लोकसंख्या धरतात. हजारी २० जन्म मानले, तर वर्षाला ४०० बाळे. त्यांत हजारी ३० दगावतात असे समजा. म्हणजे १२ मृत्यू. पण डॉक्टर तेच, औषधे तीच असूनही हा आकडा एका वर्षी ६, तर दुसऱ्या वर्षी १८ होऊ शकतो, निव्वळ योगायोगाने! मग यंदाची शाबासकी आणि पुढच्या वर्षीची नोटीस, दोन्ही अनाठायीच.

इथे संख्याशास्त्र उपयोगी पडते. गावे किती दूर, पावसाळ्यात रस्ता बंद होतो का, माता किती अशक्त, हे सारे जमेस धरून त्या केंद्रात किती मृत्यू अपेक्षित होते, याचा आधी अंदाज बांधायचा. मग प्रत्यक्ष आकडा त्याच्याशेजारी ठेवायचा. लहान केंद्राच्या एका वर्षाच्या आकड्यावर फार विसंबायचे नाही. तो जिल्ह्याच्या सरासरीकडे थोडा झुकवून घ्यायचा. एवढे करूनही जे केंद्र वेगळे दिसेल, तिथे जाऊन कारण शोधायचे.

मात्र हा सारा डोलारा नोंदवहीवर उभा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावचे जन्म-मृत्यू चिकाटीने मोजले. पुढे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी कागदावर येतच नाहीत, हे दाखवून दिले.

तेव्हा तक्त्यात तळाला असलेले केंद्र कदाचित सर्वांत प्रामाणिक असेल. तिथल्या परिचारिकेने पाड्यावर झालेला प्रत्येक मृत्यू लिहिला असेल. तिलाच बोलणी बसली, तर ती काय शिकेल? पुढच्या वर्षी आकडे सुधारतील. बाळे मात्र तशीच जात राहतील.