कलावंताचे ताट

ग्वाल्हेर शहरात मुहम्मद घौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची लहानशी समाधी आहे आणि तिच्या शेजारी चिंचेचे झाड आहे. या झाडाची पाने चघळल्याने कंठ सुरेल होतो, अशी गायकांची पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा आहे. समाधीच्या दर्शनाला गेलेला गवई दोन पाने तोंडात टाकल्याविना सहसा परतत नाही. गंमत अशी की, हाच गवई घरी आल्यावर आमटीत चिंच नको म्हणतो. ताक वर्ज्य, लोणचे वर्ज्य, दही तर रात्री दृष्टीसही पडू नये, असा त्याचा दंडक असतो. एका चिंचेचा पाला तारक आणि दुसरीचा कोळ मारक, यातील विसंगती त्याला जाणवत नाही. कारण आहाराचे हे नियम त्याने चिजांबरोबरच गुरुमुखातून श्रद्धेने घेतलेले असतात. त्यांपैकी काही अनुभवाच्या कसोटीला उतरलेले आहेत, काही केवळ समज आहेत. परंतु ज्या एका गोष्टीवर खरी मदार आहे, ती जेवणाची वेळ, आणि ती बहुधा कलावंताच्या हाती नसतेच.

कलावंत म्हटला म्हणजे नामांकित गवईच डोळ्यांपुढे येतो. तथापि संगीतावर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांची गणती बरीच मोठी आहे. तबलजी आहेत, सारंगिये आणि पेटीवाले आहेत, देवळातील सनईवाले आहेत, कीर्तनकार आहेत, वरातीपुढे क्लॅरिनेट आणि ट्रंपेट वाजवणारे बँडवाले आहेत. या सर्वांना एक अडचण समान आहे. इतर लोक ज्या वेळी जेवतात, नेमक्या त्याच वेळी यांना काम करावे लागते.

कार्यक्रमापूर्वीच्या जेवणाचा विचार प्रथम करावा. गाण्याचा सारा व्यवहार श्वासावर चालतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. श्वास घेताना तो खाली उतरतो आणि फुप्फुसांना जागा करून देतो. त्याच्या खालीच, डाव्या अंगाला, जठर असते. जठर अन्नाने तुडुंब भरले असले की श्वासपटलाला पुरते खाली उतरता येत नाही. श्वास आखूड पडतो आणि लांब तान मध्येच तुटते. त्यात मांडी घालून बसण्याने पोटावरचा दाब आणखी वाढतो. म्हणून ‘भरल्या पोटी गाऊ नये’ हा जुन्या गुरूंचा नियम शरीरशास्त्रानेही मान्य करावा असाच आहे.

मग किती आधी जेवावे? वरणभात, मऊ खिचडी, पोळी आणि साधी भाजी असे बेताचे अन्न दोन-तीन तासांत जठरातून बरेचसे पुढे सरकते. तुपातली आणि तळलेली पक्वान्ने चार तासांहूनही अधिक काळ रेंगाळतात. त्यातच रंगमंचावर जाण्यापूर्वीची धास्ती असते. मन अस्वस्थ झाले की पचन मंदावते आणि तोंडाला कोरड पडते. कसलेल्या कलावंताचीही यातून सुटका नाही. तेव्हा कार्यक्रमाच्या आधी तीन तास साधे, ओळखीचे आणि अर्ध्या भुकेचे जेवण हे सर्वांत शहाणपणाचे. यजमानाने मोठ्या प्रेमाने पुढे केलेली बासुंदी-पुरी मात्र त्या वेळी शत्रूसमान समजावी.

याचा अर्थ कडकडीत उपाशी बसावे असाही नाही. अडीच-तीन तास तबला वाजवणारा मनुष्य अंगमेहनतच करीत असतो. द्रुत लयीत त्याचे हात अखंड चालतात, अंगाला घामाच्या धारा लागतात. पोटात सकाळपासून काहीच नसेल तर हाताला कंप सुटतो, चित्त विचलित होते, समेचा अंदाज चुकतो. अशा वेळी तासभर आधी घेतलेले एखादे केळे किंवा बशीभर उपमा मोठा आधार देतो. फुंकीच्या वाद्यांचे तंत्र आणखी निराळे आहे. सनई वाजवताना पोटाच्या स्नायूंचा जोर सारखा लागतो, म्हणून भरल्या पोटाचा जाच सनईवाल्याला गवयाहूनही अधिक होतो. शिवाय पेढा किंवा जिलबी खाऊन तसेच वाद्य तोंडाला लावले, तर गोड लाळ सनईच्या पत्तीवर किंवा क्लॅरिनेटच्या रीडवर चिकटून बसते आणि अन्नाचे कण नळीत जातात. जाणता वादक म्हणूनच आधी खळखळून चूळ भरतो आणि मगच वाद्याला हात लावतो.

आता कार्यक्रम चालू असतानाची गोष्ट. गवयाच्या शेजारी कोमट पाण्याचा थर्मास असतो. डबीत ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग असते. घोटभर पाण्याने घसा ओला झाला की स्वरतंतू ओले झाले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः गिळलेला एकही थेंब स्वरतंतूंना स्पर्श करीत नाही. ते श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात आणि गिळण्याच्या क्षणी ती वाट बंद होते. पाणी मागच्या अन्ननलिकेतून जठरात जाते. पाण्याने ठसका लागतो तो चुकून एखादा थेंब या वाटेला गेला म्हणजे. थंड पाण्याने स्वरतंतू आखडतात किंवा दह्याचा थर त्यांच्यावर बसतो, ही कल्पना त्यामुळेच टिकत नाही. दुधाने घशात चिकटा आल्यासारखे वाटते हे खरे. पण तो दूध आणि लाळ यांच्या मिश्रणाचा दाटपणा असतो, दुधामुळे कफ जास्त तयार होतो असे आढळत नाही.

तरीही स्वरतंतूंना ओलावा हवाच, आणि पुष्कळ हवा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य षड्जावर ते सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आदळतात. तार षड्जावर ही संख्या दुप्पट होते. एवढे घर्षण सोसायचे तर त्यांच्यावरचे पातळ आवरण ओलसर राहिले पाहिजे. हा ओलावा रक्तावाटे शरीराच्या आतून येतो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून रात्रीच्या मैफलीचे पाणी सकाळपासून प्यावयाचे असते. व्यासपीठावरचा घोट केवळ तोंडाची कोरड घालवतो. अडचण अशी की मध्येच उठावे लागू नये म्हणून अनेक साथीदार दुपारपासून पाणीच तोडतात. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला तर उठण्याची सोयच नसते.

ज्येष्ठमध चघळल्याने लाळ सुटते आणि घशाला बरे वाटते, एवढा गुण त्यात निश्चित आहे. परंतु ते रोज व फार घेतल्यास रक्तदाब वाढतो, हेही ध्यानी ठेवावे. लवंगेने घसा किंचित बधिर होतो. दुखरा गळा मग दुखत नाही आणि गवई त्याच्यावर भलताच ताण देऊन बसतो. विड्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. बैठक म्हटली की तबक आलेच, अशी जुनी रीत. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी ही तंबाखूविनाही कर्करोगकारक ठरवली आहे. ज्याचे सारे धन कंठात आहे त्याने हा धोका पत्करावा, याहून मोठे दुर्दैव कोणते?

सर्वांत अधिक हानी मात्र कार्यक्रमानंतरच्या जेवणाने होते आणि तिकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पूर्वी बैठकी रात्री जेवणानंतर सुरू होत आणि उत्तररात्रीपर्यंत चालत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, तोही पुढे कित्येक वर्षे रात्रभर रंगत असे. २००० साली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातील थोड्या ठराविक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. त्यामुळे आता बहुतेक मैफली संध्याकाळी सहा ते दहा या वेळात होतात. श्रोत्यांची यात सोय झाली, कलावंताचे जेवण मात्र बेवारस झाले. पूर्वी तो सातला जेवून दहाला गाण्यास बसे. आता दुपारी तीन-चारला जेवण्याची इच्छा होत नाही आणि आठला जेवता येत नाही. मग आवराआवर, भेटीगाठी आणि छायाचित्रे आटोपून अकरा-साडेअकराला पान मांडले जाते. दिवसभराची भूक असते, मनावरचा ताण उतरलेला असतो. साहजिकच मनुष्य चार घास अधिक जेवतो आणि लगेच अंथरुणाला पाठ टेकतो.

जठराच्या तोंडाशी झडपेसारखा एक स्नायू असतो. भरल्या पोटी आडवे झाले की त्याच्यातून जठरातील आम्ल वर सरकते आणि अन्ननलिकेतून थेट स्वरयंत्राच्या मागील बाजूपर्यंत पोहोचते. तेथील नाजूक त्वचेला ते सोसत नाही. छातीत जळजळ होतेच असे नाही. सकाळी आवाज जड लागतो, घशात काही अडकल्यासारखे वाटते, सारखे खाकरावेसे वाटते. मग कालच्या चटणीवर किंवा दह्यावर ठपका येतो. खरा अपराध जेवण आणि झोप यांच्यातील तुटलेल्या अंतराचा असतो. हे अंतर तीन तासांचे असावे. ते शक्य नसेल तर रात्री केवळ सूप, मुगाची खिचडी किंवा भात-वरण असे थोडके घ्यावे आणि पलंगाची उशाकडची बाजू विटांनी वीतभर उंच करावी.

पण हे सारे पथ्य पाळणार कोण आणि कसे? गोव्यात आणि दक्षिण कोकणात चतुर्थीच्या दिवसांत भजनी मंडळी एका रात्रीत अनेक घरी जातात. प्रत्येक घरी उसळ-पाव, करंज्या आणि चहा पुढे येतो. नको म्हणावे तर यजमान रुसतो, खावे तर चौथ्या घरी अभंगाला दम पुरत नाही. लग्नातील बँडवाल्यांची गत याच्या उलट. सकाळपासून उन्हात वाजवून त्यांना शेवटच्या पंगतीची वाट पाहावी लागते, आणि तोवर पाने निवलेली व भाजी संपलेली असते. वऱ्हाडाच्या पोटात गेलेल्या जेवणाची रंगत ज्यांच्या सुरांनी वाढवली, तेच भुकेले.

या बाबतीत जुन्या नाटक मंडळ्यांची व्यवस्था आठवण्याजोगी आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत रंगभूमीला आरंभ झाला आणि पुढे अशा मंडळ्या पुण्या-मुंबईप्रमाणेच बेळगाव, हुबळी, इंदूर, बडोदे असा प्रवास करीत राहिल्या. त्यांच्याबरोबर त्यांचा भटारखानाही फिरत असे. नायकापासून पडदे ओढणाऱ्यापर्यंत सर्वांचे जेवण मंडळीकडे असे आणि ते त्याच्या वेतनाचाच भाग समजले जाई. गंधर्व मंडळीच्या पंगतीचा थाट तर आख्यायिकेचा विषय झाला. त्या थाटाच्या खर्चाने मंडळ्या बुडाल्या असेही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही असेल. परंतु ज्याच्याकडून रात्री गाऊन घ्यायचे त्याच्या पोटाची जबाबदारी आपली, ही जाणीव त्या भटारखान्यात होती.

आज भटारखाना परत येणार नाही. त्याची आवश्यकताही नाही. कार्यक्रम ठरवताना बिदागीचा आकडा जसा आधी ठरतो, तशी जेवणाची वेळही आधी ठरावी, एवढे पुरे आहे. कलावंत काय खातो आणि केव्हा खातो हे विचारावे. दुपारी चारला त्याच्यासाठी साधे गरम अन्न असावे, व्यासपीठामागे पाणी आणि प्रसाधनगृह असावे, कार्यक्रम संपताच गर्दी बाजूला सारून त्याला हलके जेवू द्यावे. आणि हीच तरतूद साथीदारांसाठी, तंबोऱ्यावरच्या शिष्यांसाठी, वरातीतील वाजंत्र्यांसाठी असावी. तानसेनाच्या चिंचेची पाने श्रद्धेने खुशाल चघळावीत. कंठाला त्यांनी अपाय होणार नाही. परंतु सर्वांच्या शेवटी वाद्यांना गवसण्या घालून बाहेर पडणाऱ्या मुलाला वेळेवर चार घास मिळाले की नाही, हे पाहणारा यजमान उद्याच्या गवयाचा कंठ अधिक राखतो.