मिठाच्या खाणीतला धूर

डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध करायला इतकी वर्षं का लागली? ट्रकचालक आणि रेल्वे कामगारांत हा आजार जास्त दिसतो, हे 1980 च्या दशकातच लक्षात आलं होतं. पण त्यांतले बरेच जण सिगारेटी ओढत, आणि कोणाच्या छातीत किती धूर गेला याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. म्हणून 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुरावर 'बहुधा कर्करोगकारक' एवढाच शिक्का मारला.

डेब्रा सिल्व्हरमन आणि मायकेल अ‍ॅटफिल्ड यांच्या गटाने मग अमेरिकेतल्या मीठ, पोटॅश, ट्रोना आणि चुनखडीच्या आठ खाणी निवडल्या. या निवडीलाच माझा सलाम! कोळशाच्या किंवा युरेनियमच्या खाणीत फुप्फुस बिघडवणारे इतर संशयित खंडीभर. इथे रेडॉन, सिलिका, अ‍ॅस्बेस्टॉस नगण्य. बोगद्यात मात्र डिझेलवर चालणारी यंत्रं, आणि धूर रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी दाट.

पण पन्नास वर्षांपूर्वीचा धूर आज मोजायचा कसा? संशोधकांनी यंत्रांची अश्वशक्ती, बोगद्यातून खेळवलेली हवा आणि कार्बन मोनॉक्साइडच्या जुन्या नोंदी जुळवून प्रत्येक कामाच्या वाट्याला वर्षागणिक किती काजळी आली याचा अंदाज बांधला. कर्करोग उगवायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या 15 वर्षांतला धूर हिशेबातून वगळूनही पाहिलं. मला तर निकालापेक्षा हे हेरकामच जास्त आवडतं.

12,315 कामगारांच्या या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावलेल्या 198 जणांची सविस्तर तुलना झाली. सिगारेटचा परिणाम वजा केल्यावरही सर्वाधिक धूर घेतलेल्यांना धोका सुमारे तिप्पट निघाला. खाण उद्योगाच्या एका गटाने कोर्टकचेऱ्या केल्या, आणि 1992 मध्ये सुरू झालेल्या या कामाचे मुख्य निष्कर्ष छापून यायला 2012 उजाडलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्या जुन्या शिक्क्यातलं 'बहुधा' गळलं.

लगेच 'डिझेल तंबाखूइतकंच घातक' असे मथळे झळकले. ते चूक. दोन्ही एका यादीत आहेत, पण ती यादी पुरावा किती पक्का एवढंच सांगते, धोका किती मोठा ते नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याचा आणि बंदिस्त बोगद्यात पाळी भरणाऱ्याचा धोका एका मापाने मोजता येत नाही. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून काम करणारा मेकॅनिक या दोघांच्या मधे कुठेतरी.

या खाणींतली इंजिनं जुन्या धाटणीची होती, हेही खरं. नव्या गाड्यांचे फिल्टर बहुतेक काजळी अडवतात, मात्र त्यांना गंधकमुक्त म्हणावं असं डिझेल लागतं. आपल्याकडे बीएस-6 इंधन एप्रिल 2020 मध्ये देशभर आलं. पण त्याआधीच्या ट्रकांना आणि जनरेटरांना चांगलं इंधन मिळालं, तरी फिल्टर काही आपोआप बसत नाही.