बदकांचे खाद्य सादळू देऊ नका

आपला बारामती-इंदापूरचा भाग म्हणजे कमी पावसाचा मुलूख. इथे कसली आली दमट हवा, असे कोणीही म्हणेल. परंतु नीरेच्या कालव्याचे पाणी आले, घराच्या चारी बाजूंना ऊस उभा राहिला आणि इंदापूरच्या अंगाला उजनीचे पाणी पसरले, तसे घराभोवतीचे वातावरण पूर्वीसारखे कोरडे राहिले नाही. शिवाय आपल्याकडचा खरा पाऊस भाद्रपद-आश्विनातला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाने इंदापूर-बारामतीला कसे झोडपले ते आपण विसरलेलो नाही. २०२५ साली तर ऐन मे महिन्यात पाऊस कोसळला आणि नीरा डावा कालवा फुटला. म्हणजे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या धान्याचीही आता खात्री राहिली नाही.

हे सांगण्याचे कारण आमच्या जवळच्या वस्तीवर घडलेली एक गोष्ट. एका भगिनीने बचत गटाचे कर्ज काढून बदकांची तीस पिल्ले घेतली. नवरा ऊसतोडीला जाणारा, घरी दोन मुले शिकणारी. अंडी विकून वह्या-पुस्तकांचा खर्च भागवावा, एवढाच तिचा विचार. खाद्याचे पोते तिने भिंतीला टेकून जमिनीवर ठेवले होते. सप्टेंबरच्या झडीत भिंत पाझरली आणि पोते खालून सादळले. आतील मक्याचा भरडा व शेंगदाणा पेंड यांच्या गुठळ्या झाल्या, कुबट वास येऊ लागला. एवढे महागाचे खाद्य फेकवेना, म्हणून तिने गुठळ्या फोडल्या, उघडीप मिळताच ऊन दाखवले आणि पिल्लांना घातले.

आठवडाभरात पिल्ले खाईनाशी झाली. पाय लटपटू लागले. काही पिल्ले मान मागे टाकून तडफडत मेली. तीसातली सतरा गेली. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी उतारा टाकायला सांगितले. शेवटी पशुवैद्यक डॉक्टर आले. त्यांनी मेलेले पिल्लू उघडून यकृत पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, खाद्याचे पोते कुठे आहे?"

बुरशीचे विष

डॉक्टरांनी पोते का मागितले, यामागे मोठा इतिहास आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. बदकांची पिल्लेही दगावली. आधी रोगाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. शोध घेता घेता शास्त्रज्ञ ब्राझीलमधून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचले. त्या पेंडीवर अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती व तिने विष तयार केले होते. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके हळवे असते, की विष आहे की नाही हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत एक दिवसाची पिल्लेच वापरीत. कोंबडी तग धरील अशा खाद्यानेही बदक मरते, ते यामुळे.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ऊन दाखवल्याने ओल जाते, भाजल्याने बुरशी मरते. परंतु तिने आधी तयार केलेले विष तसेच राहते. गुठळ्या फोडून, चाळून किंवा शिजवून ते जात नाही.

आणि हा प्रश्न केवळ बदकांचा नाही. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल व राजस्थानचा बांसवाडा या जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला. घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून आदिवासी बांधवांनी तोच बुरशीचा मका खाल्ला. काविळीसारखा आजार पसरला व शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. तेव्हा बदकांना चालणार नाही असे धान्य निवडून घरच्या भाकरीसाठी घेणे म्हणजे मोठाच धोका. ती पेंड गाई-म्हशीला घातली तर विषाचा अंश दुधात उतरतो. असे पोते खड्डा खणून पुरून टाकावे.

साठवण कशी करावी?

मका घेतानाच ओल पाहावी. दाणा दाताखाली धरला असता 'कट्' असा आवाज होऊन फुटला पाहिजे. दबला तर तो ओला. आणखी एक सोपी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे व चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. मीठ चिकटले नाही तरी आणखी एक-दोन उन्हे द्यावीत, कारण साठवणीला ओल बारा टक्क्यांच्या आसपास हवी. वाळवलेला माल गार झाल्यावरच भरावा. गरम भरला तर आत घाम धरतो.

पोते कधीही जमिनीवर ठेवू नये. चार विटा व त्यावर फळी टाकावी आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. त्याहून बरे म्हणजे घट्ट झाकणाचे पत्र्याचे वा प्लॅस्टिकचे पिंप. त्यात उंदीर शिरत नाही. मात्र ओला माल हवाबंद केला तर बुरशीला घरच बांधून दिल्यासारखे होते. खाद्य काढायला कोरडे मापटे ठेवावे, ओला हात घालू नये. जुने संपल्याशिवाय नवे ओतू नये. पिंप रिकामे होताच तळाची भुकटी झाडून, पुसून उन्हात ठेवावे. सोंडे, भुंगेरे व जाळी करणाऱ्या अळ्या त्या भुकटीतच राहतात. कडुनिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवून घातला तर किड्यांना थोडा आळा बसतो, पण बुरशीला नाही. ओला पाला तर ओलच वाढवतो. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात वापरू नयेत. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो.

बदकाची सवयही समजून घ्यावी. ते एक घास खाते व पाण्यात चोच बुडवायला धावते. नाकपुड्या धुण्याइतके खोल पाणी त्याला लागतेच, पण भांडे खाद्यापासून चार-पाच फूट लांब असावे. कालवलेले खाद्य तासा-दोन तासांत संपेल एवढेच घालावे. उरलेले पुन्हा पिंपात टाकू नये आणि रात्री भांडे धुऊन उचलून ठेवावे, म्हणजे उंदीर-घुशींना आमंत्रण मिळत नाही.

हिशेब मांडून खरेदी

मोठ्या बदकाला दिवसाला साधारण १२० ते १५० ग्रॅम खाद्य लागते. पंचवीस बदके असली तर पन्नास किलोचे पोते तेरा ते सोळा दिवसांत संपते. हे ठीक. पण आपल्या बहुतेक घरी बदके असतात आठ. त्यांना दिवसाला एक किलो पुरते, म्हणजे तेच पोते पन्नास दिवस घरात पडून राहणार. पावसाळ्यात एवढे दिवस ते टिकत नाही. सुटे घ्यावे तर महाग पडते. यावर उपाय एकच. चार घरांनी मिळून एक पोते आणावे व त्याच दिवशी वाटून घ्यावे. बारा-तेरा दिवसांत संपेल, भावही पोत्याचाच पडेल. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याबरोबर हाही विषय घ्यावा. शंका आली तर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घ्यावा, संकोच करू नये.

त्या भगिनीने गटाच्या बैठकीत सर्व हकिगत लपवून न ठेवता सांगितली. गटाने तिला हप्त्याची मुदत वाढवून दिली. उरलेली तेरा बदके तिने जगवली. आता तिच्या पिंपावर कोळशाने तारीख लिहिलेली असते, आणि शेजारच्या तिघी पोते वाटून घ्यायला तिच्याच अंगणात येतात. पेंडीची गुठळी दिसली की ती कोणालाही न विचारता ती खड्ड्यात टाकते. चार पैशांची पेंड वाचवताना सतरा पिल्ले गेली, हा हिशेब तिला तोंडपाठ आहे. भगिनींनो, तो आपण तिच्याकडून ऐकूनच शिकलेला बरा.